वादळाची भरपाई, रस्त्याची भरपाई आणि तिची

सिंधुदुर्गात भरपाई म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मालवण-देवगडच्या किनाऱ्याला घासून गेलं. होड्या फुटल्या, जाळी गेली, कौलं उडाली, कलमं मुळासकट आडवी झाली. पंचनामे झाले आणि यथावकाश खात्यांत पैसे आले. त्याआधी महामार्गाच्या चौपदरीकरणात कणकवली-कुडाळच्या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, आणि त्याच्याही आधी कोकण रेल्वेसाठी गेल्या होत्या. अशा पैशांवर आयकर लागतो का, यावर गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर भरपूर काथ्याकूट झाला आणि बहुतेकांना उत्तरही ठाऊक झालं. नैसर्गिक आपत्तीत सरकारने दिलेली मदत आयकरातून मुक्त आहे. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम १०(१०बीसी) होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या मोबदल्याला त्या कायद्याच्या कलम ९६ ने सूट दिली आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात ती मान्य केली.

त्याच जिल्ह्यात आणखी एक भरपाई दिली जाते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला, मुलीला, क्वचित मुलग्यालाही कायद्याने मिळणारी ही रक्कम. तिचे कागद ओरोसच्या जिल्हा न्यायालयात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फिरतात. गावात गजाली होतात त्या घटनेच्या; पैशांचा विषय निघालाच तर ‘किती मिळाले’ यापुढे जात नाही. त्या रकमेवर कर लागतो का, असं विचारलं तर सनदी लेखापालही क्षणभर थांबतो. त्याचं थांबणं रास्त आहे, कारण वादळाला आणि जमिनीला जसं नावानिशी कलम आहे तसं या भरपाईला नाही. उत्तर मात्र आहे. मूळ रकमेवर कर लागत नाही, त्या रकमेच्या व्याजावर लागतो. या दोन वाक्यांमधली दरी किती खोल आहे हे पाहायचं तर आधी पैसा कुठून येतो ते पाहू.

महाराष्ट्रात सर्वांत रुळलेली वाट मनोधैर्य योजनेची. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी राज्य सरकारने ती २ ऑक्टोबर २०१३ ला सुरू केली. तेव्हा रक्कम २ ते ३ लाखांची होती. २०१७ मध्ये ती गंभीर प्रकरणांत १० लाखांपर्यंत वाढवली आणि काम महिला व बालविकास खात्याकडून विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं. ही रक्कम हातात एकदम पडत नाही. २५ टक्के धनादेशाने मिळतात, ७५ टक्के मुदत ठेवीत जातात. हेतू चांगला आहे: घरातल्या कर्त्या पुरुषाने होडीचं इंजिन घेण्यासाठी ते पैसे उचलू नयेत. पण कराचा प्रश्न नेमका या ७५ टक्क्यांत दडलेला आहे. तिकडे आपण नंतर येऊ.

दुसरी वाट न्यायालयाच्या आदेशाची. बालकांवरच्या लैंगिक अपराधांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम ३३(८) खाली विशेष न्यायालय बालकाला भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतं. २०२० च्या नियमांप्रमाणे खटला चालू असतानाही अंतरिम रक्कम देता येते आणि आदेशानंतर ३० दिवसांत राज्याने ती अदा करायची असते. मोठ्यांसाठी दंड प्रक्रिया संहितेत २००९ मध्ये कलम ३५७अ आलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ ने घेतली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून २०१८ मध्ये देशभरासाठी एक योजना आखली, तिच्यात बलात्काराच्या प्रकरणात ४ ते ७ लाख अशी मर्यादा घातली आहे. शिवाय आरोपीला झालेला दंड पीडितेला देण्याची तरतूद आहे. उरली दिवाणी दाव्याची वाट, म्हणजे अत्याचार करणाऱ्यावर किंवा त्याला पाठीशी घालणाऱ्या संस्थेवर थेट नुकसानभरपाईचा दावा. अमेरिकेत, इंग्लंडात बातम्यांत येणाऱ्या मोठमोठ्या रकमा या वाटेने येतात. आपल्याकडे तो दावा जवळजवळ कुणी लावत नाही. फौजदारी खटल्याच्या तारखांनीच माणूस थकून जातो.

आता मूळ रक्कम. आयकर हा उत्पन्नावरचा कर आहे, खात्यात आलेल्या प्रत्येक रुपयावरचा नव्हे. उत्पन्न कशाला म्हणायचं यावर १९३२ मध्ये शॉ वॉलेस कंपनीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने एक दाखला दिला, तो आजही वकिलांच्या तोंडी आहे: उत्पन्न म्हणजे झाडाचं फळ, शेताचं पीक. कलमांच्या मुलखात हे वेगळं समजवायला नको. हापूसची पेटी विकली तर ते उत्पन्न (ते शेतीचं म्हणून करमुक्त, ही गोष्ट वेगळी, मासळीच्या उत्पन्नाला ती सूट नाही, हे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांचं जुनं दुखणं). झाडच कुणी तोडलं आणि त्याची भरपाई दिली तर ते फळ नव्हे. भांडवली स्वरूपाच्या अशा रकमेवर कर लावायचा तर तिला भांडवली नफ्याच्या चौकटीत बसवावं लागतं, आणि तिथे एखादी मालमत्ता हस्तांतरित झालेली असावी लागते. माणसाचं शरीर, त्याची अब्रू, त्याचं मन:स्वास्थ्य या काही खरेदीखताने हस्तांतरित होणाऱ्या मालमत्ता नव्हेत.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात पक्का झाला तो आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या प्रकरणात. राजघराण्यातल्या पद्माराजे कदमबांडे यांना जहागिरी रद्द झाल्यानंतर सरकारकडून ज्या रोख रकमा मिळत होत्या, त्या आयकर खात्याने उत्पन्न धरल्या. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या भांडवली स्वरूपाच्या, अनुकंपेने दिलेल्या रकमा आहेत आणि म्हणून त्या उत्पन्नाच्या व्याख्येत येत नाहीत. जहागिरी आणि अत्याचार यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे तो तत्त्वाचा: कायद्याने ज्याला उत्पन्न म्हटलेलं नाही, त्याला सूट देणारं कलम शोधत बसण्याची गरज नसते.

हे तत्त्व लैंगिक छळाच्या भरपाईला थेट लागू झालं ते मुंबईत, आणि तेही एका नामवंत अभिनेत्रीच्या प्रकरणात. १९९४ ची विश्वसुंदरी सुश्मिता सेन यांनी कोका-कोला इंडियाशी जाहिरातीचा करार केला होता. तो मुदतीआधी मोडला. करारातले ५० लाख रुपये बाकी होते. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने लैंगिक छळ केल्याचा सेन यांचा आरोप होता. अखेर तडजोड झाली आणि कंपनीने १ कोटी ४५ लाख दिले. सेन यांनी करनिर्धारण वर्ष २००४-०५ च्या विवरणात करारातले ५० लाख उत्पन्न म्हणून दाखवले, उरलेले ९५ लाख दाखवले नाहीत. आयकर अधिकाऱ्याचं म्हणणं असं की पैसा एकाच कंपनीकडून, एकाच व्यवहारातून आला, तेव्हा सगळा व्यवसायाचाच. त्याने ९५ लाख उत्पन्नात धरले आणि उत्पन्न लपवल्याबद्दल ३५ लाखांचा दंड लावला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दंड रद्द केला. न्यायाधिकरणाचा तर्क सरळ होता. करारातून मिळायचे होते ते ५० लाखच. त्यावरचे ९५ लाख अभिनय किंवा जाहिरात करण्याचे नव्हेत. अशी भरपाई व्यवसायातून उद्भवत नाही, ती भांडवली स्वरूपाची आहे. उत्पन्नच नाही तर लपवलं काय?

निकाल चांगला आहे, पण त्याची ताकद नीट तोलून घ्यावी. तो न्यायाधिकरणाचा आहे, उच्च न्यायालयाचा नाही. दुसरं पीठ त्याचा आदर करील, पण कायद्याच्या कलमासारखा तो भिंतीवर लिहिलेला नाही. आणि २००४-०५ च्या विवरणाचा निकाल २०१८ च्या अखेरीस लागला. एवढी वर्षं लढायला लागतो तो वकील आणि पैसा सेन यांच्यापाशी होता. तारकर्लीतल्या एखाद्या हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या मुलीकडे तो नसतो.

या प्रकरणातून एक व्यावहारिक धडा मात्र निघतो. रक्कम मालकाकडून येत असेल तर कोणत्या कारणासाठी किती, हे तडजोडीच्या कागदावर वेगवेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. नोकरी संपताना मालकाने दिलेली भरपाई आयकर कायदा ‘पगाराऐवजी मिळालेला लाभ’ समजतो आणि त्यावर पगारासारखा कर लावतो. काजूच्या कारखान्यात किंवा मासळी प्रक्रिया केंद्रात छळ झाला, बाईने नोकरी सोडली आणि मालकाने ‘पूर्ण व अंतिम हिशेब’ असं एकच वाक्य लिहून ३ लाखांचा धनादेश दिला, तर त्यातलं थकलेलं वेतन किती, उपदान किती आणि छळाची भरपाई किती हे नंतर कोण सिद्ध करणार? २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात समितीने भरपाई ठरवताना मानसिक त्रास, हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च यांचा विचार करावा असं कलम १५ सांगतं. समितीच्या अहवालात ही कारणं शब्दांत उतरली तर तोच आयकराच्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा. (याच कायद्याच्या कलम १० नुसार समझोता पैशांच्या आधारावर करता येत नाही, हे पुष्कळ मालकांना माहीतच नसतं. आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांतल्या बायकांनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. किनाऱ्यावरची बहुतेक ‘निवास-न्याहारी’ घरं आणि खानावळी याच गटात मोडतात.)

सरकारी योजनेतल्या रकमेबाबत एक आडवळणाची शंका काढता येते, ती इथेच निकालात काढतो. २०१५ मध्ये उत्पन्नाच्या व्याख्येत सरकारी अनुदान, साहाय्य, रोख प्रोत्साहन यांची भर पडली. तेव्हा गॅस सिलिंडरच्या अनुदानावरही कर लागणार म्हणून ओरड झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारला खुलासा करावा लागला की व्यक्तीला खासगी आयुष्यात मिळणारी कल्याणकारी मदत, जी धंद्याशी वा व्यवसायाशी संबंधित नाही, तिला ही तरतूद लागत नाही. मनोधैर्यची रक्कम याच बाजूला बसते.

आता ठेवीकडे. इथे सगळा गुंता आहे, आणि इथेच माझी तक्रारही आहे.

कल्पनेतलं एक कुटुंब घेऊ. मालवण तालुक्यातल्या एका वाडीतली तेरा वर्षांची मुलगी. तिला १० लाख मंजूर झाले, त्यातले साडेसात लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले. व्याजदर ७ टक्के धरला तर पहिल्या वर्षाचं व्याज ५२,५०० रुपये. वर्षाला ५०,००० च्या वर व्याज गेलं की बँकेने १० टक्के कर कापायचा असतो. म्हणजे ५,२५० कापले जातील. पॅन दिलेला नसेल तर दर २० टक्के, म्हणजे १०,५०० रुपये. हे व्याज मुलीच्या हातात येत नाही, ठेवीतच साठत जातं. ठेव मोडता येत नाही. पण कर मात्र दर वर्षी व्याज जमा होताच कापला जातो. ज्या पैशाला हात लावायची परवानगी नाही, त्या पैशातून सरकार आपला हिस्सा आधी उचलतं.

आणि हा कर कुणाच्या नावावर? मुलीच्या नव्हे. अज्ञान बालकाचं असं उत्पन्न आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं, असा नियम १९६१ च्या कायद्याच्या कलम ६४(१अ) मध्ये होता आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या आयकर कायद्यातही तोच चालू राहिला. बालकामागे १,५०० रुपयांची सूट होती, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. बालकाने स्वत:च्या अंगमेहनतीने किंवा कलेने कमावलेलं उत्पन्न यातून वगळलेलं आहे. गंभीर अपंगत्व असलेल्या बालकालाही वगळलं आहे. अत्याचाराची भरपाई मिळालेल्या बालकाला वगळलेलं नाही.

वडील पारंपरिक मच्छीमार असतील, वर्षाला दोन-अडीच लाख मिळवत असतील, तर शेवटी देय कर शून्य. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर माफच आहे. फक्त कापलेले पैसे परत मिळवायला त्यांना विवरणपत्र भरावं लागेल. ते बहुधा भरणार नाहीत. एक तर सायबर कॅफेवाल्याला सगळं सांगावं लागेल. दुसरं म्हणजे विवरण भरलं की आपण करदाते ठरू आणि घरातल्या बाईला ‘लाडकी बहीण’ योजनेत मिळणारे पैसे बंद होतील ही भीती. परतावा मागण्यासाठी विवरण भरणं आणि कर देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण भीती कागद वाचून थोडीच वाटते! वडील मुंबईत चाकरमानी असतील आणि पगार १२ ते १६ लाखांच्या टप्प्यात असेल, तर त्या ५२,५०० वर १५ टक्के आणि ४ टक्के उपकर धरून ८,१९० रुपये खरोखरच जातील.

याहून वाईट शक्यता आहे, आणि ती अपवादात्मक म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण बालकांवरचे अत्याचार पुष्कळदा ओळखीच्या माणसाकडूनच होतात. आरोपी स्वत: बाप असेल तर? आई-वडिलांचं लग्न कायद्याने टिकून असेल तर नियमाचा शब्द स्पष्ट आहे: ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात मिळवा. म्हणजे बापाने केलेल्या अत्याचाराबद्दल मुलीला मिळालेल्या ठेवीचं व्याज बापाच्या विवरणात. लग्न मोडलेलं असेल तर मुलाला सांभाळणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात ते धरतात, पण घटस्फोट काही एका तारखेत होत नाही. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. आई-बाप मुलांच्या नावाने ठेवी ठेवून कर चुकवतात, ते रोखायला हा नियम आला. ही मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, एवढंच.

व्याजाचा हा प्रश्न दुसऱ्या एका पीडितासाठी सुटलेला आहे. रस्ते अपघाताच्या दाव्यात भरपाईवर न्यायाधिकरण व्याज देतं, आणि ते व्याज करपात्र धरून विमा कंपन्या कर कापत. १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलाला झालेल्या अपघाताच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला की दावा दाखल झाल्यापासून निवाड्यापर्यंतचं व्याज हे भरपाईचाच भाग आहे, त्यावर आयकर नाही. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाने व्यक्तीला दिलेलं व्याज करमुक्त करण्याचा, त्यावरची करकपातही बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. हे व्याज भरपाई उशिरा मिळाल्याचं, आणि आपल्या मुलीचं व्याज ठेवीचं, असा फरक कायद्याचा अभ्यासक दाखवील. मान्य. पण ठेव तिने हौसेने ठेवलेली नाही, ती सरकारने लादलेली आहे, हा फरकही मग मोजायला हवा.

कॅनडाने तो मोजलेला आहे. शारीरिक वा मानसिक इजेबद्दल मिळालेली भरपाई गुंतवली तर तिच्यावरचं उत्पन्न पीडित २१ वर्षांचा होईपर्यंत तिथे करमुक्त असतं. इंग्लंडातही इजेची भरपाई आणि न्यायालयाने तिच्यावर दिलेलं व्याज दोन्हींना कर नाही.

अमेरिकेचं उदाहरण मात्र अनुकरण करण्यासारखं नाही, पण शिकण्यासारखं आहे. तिथे भरपाईला करसूट देणाऱ्या कलमात १९९६ पर्यंत ‘वैयक्तिक इजा’ एवढंच म्हटलेलं होतं. त्या वर्षी ‘इजा’च्या आधी ‘शारीरिक’ हा एक शब्द घातला गेला आणि केवळ मानसिक त्रासाची भरपाई करपात्र झाली. मग प्रश्न आला की वळ कुठे आहेत? २००० मधल्या एका निर्णयात तिथल्या कर खात्याने नकोशा स्पर्शांची चक्क विभागणी केली: ज्या स्पर्शांनी दिसेल अशी इजा झाली नाही त्यांची भरपाई करपात्र, पहिल्या दिसणाऱ्या शारीरिक इजेपासून पुढची करमुक्त. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मतात खात्याला थोडा शहाणपणा सुचला. लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल मोठेपणी एखाद्या संस्थेकडून तडजोडीची रक्कम मिळाली, तर इतक्या वर्षांनी वळ दाखवायला सांगणं चुकीचं, इजा झाली होती असं गृहीत धरायला हरकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. आपल्या कायद्यात तो ‘शारीरिक’ शब्द नाही हे नशीब. सुश्मिता सेन यांना कुणी जखमेचा दाखला मागितला नाही.

अमेरिकेची एक गोष्ट मात्र आपण उचलावी. २०१७ च्या करसुधारणेत तिथे असं ठरलं की लैंगिक छळाची तडजोड करताना पीडितेला गप्प राहण्याची अट घातली, तर ती रक्कम कंपनीला धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. आपल्याकडे कंपनीने असा खर्च दाखवला तर त्याला अडवणारं खास कलम नाही.

गप्प राहण्याचा विषय निघालाच आहे तर गावातल्या ‘मिटवामिटवी’बद्दल दोन शब्द. बलात्कार किंवा पोक्सोखालचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि बालकावरच्या अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीत दिलेला पैसा हा कायद्याच्या नजरेत भरपाई नसतो. आयकराच्या नजरेतही नसतो. वर, तो २ लाख किंवा अधिक रोख असेल तर रोख स्वीकारण्यावरची बंदी मोडल्याबद्दल तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. गुन्हेगार सुटतो आणि आयकराची नोटीस मुलीच्या बापाला येते.

वर्गणीचंही सांभाळावं. अशा घटनेनंतर मंडळं, संघटना, कधी मुंबईतले गाववाले पैसे गोळा करून कुटुंबाच्या खात्यात टाकतात. मोबदल्याशिवाय मिळालेली, वर्षभरात एकूण ५०,००० च्या वर जाणारी रक्कम परक्यांकडून आली तर सगळीच करपात्र ठरते. न्यायालयाचा किंवा प्राधिकरणाचा पैसा हा हक्कापोटी आलेला असतो, ती देणगी नव्हे. म्हणून हे दोन प्रवाह एका खात्यात मिसळू देऊ नयेत. वेगळं खातं ठेवलं तर दोन वर्षांनी प्रश्न आला तेव्हा पासबुकच उत्तर देतं. तेच पासबुक गुप्ततेच्या दृष्टीनेही पाहावं लागतं. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि चार कर्मचाऱ्यांच्या गावच्या शाखेत जमेसमोर छापलेला तपशील सगळ्या वाडीला पुरतो. खातं तालुक्याच्या दुसऱ्या शाखेत उघडता येतं, आणि तशी विनंती प्राधिकरणाला अर्ज करतानाच करावी.

सरकारला हे सगळं सुटसुटीत करायला फार काही करावं लागणार नाही. भोपाळच्या वायुपीडितांसाठी कायद्यात स्वतंत्र सूट घातली गेली. सेवेत असताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या विधवेला मिळणाऱ्या सानुग्रह रकमेवर कर नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९० मध्ये एका छोट्या परिपत्रकाने स्पष्ट केलं. कोविडमधल्या मदतीसाठी २०२२ मध्ये कायदा बदलला. अत्याचारपीडितांच्या बाबतीत दोनच वाक्यं हवीत: कायद्याखाली मिळालेली भरपाई हे उत्पन्न नाही, आणि प्राधिकरणाने वा न्यायालयाने ठेवायला लावलेल्या ठेवीचं व्याज ती ठेव मोकळी होईपर्यंत करमुक्त राहील व कुणाच्याही उत्पन्नात मिळवलं जाणार नाही. यातून तिजोरीचं नुकसान नगण्य होईल, कारण बहुतेक घरांतून आजही शेवटी काही मिळत नाही. मिळतो तो फक्त त्रास.

ती वाक्यं येईपर्यंत जे हातात आहे ते करावं. आदेशाची प्रमाणित प्रत, मंजुरीचं पत्र आणि ठेवीची पावती एकत्र ठेवा. नोटीस आली तर हेच तीन कागद पुरेसे असतात. मुलीच्या नावाचं पॅन कार्ड ठेव करतानाच काढून घ्या, म्हणजे दुप्पट कपात टळेल. ज्याच्या उत्पन्नात व्याज धरलं जाणार आहे त्या पालकाला एकूण कर लागत नसेल, तर कर कापू नये अशी स्वयंघोषणा (आजवर १५-जी या नावाने ओळखली जाणारी) दर वर्षी एप्रिलमध्ये बँकेत द्या. आरोपी घरातलाच असेल तर ठेवीवर पालक म्हणून कुणाचं नाव असावं हे न्यायालयाच्या आदेशातच लिहून मागा. आणि यातलं काही एकट्याने करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला आणि बालकांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ओरोसच्या जिल्हा प्राधिकरणात अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर विचारता येतं.